प्रतिसादक ‘ग’

मांजरी बुद्रुक,
६ ऑगस्ट २०२४

ती. शालूआत्यांना,
सप्रेम जयभीम.

मी दीक्षा. तुमचे चुलतभाऊ बापूराव ओव्हाळ यांची धाकटी मुलगी. आपली शेवटची भेट चेतनदादाच्या लग्नात झाली. तुम्ही विचारलंत, "काय शिकतेस?" मी म्हटलं, "मीडिया स्टडीज." तुम्ही म्हणालात, "म्हणजे टीव्ही बघतेस," आणि पंगतीत जाऊन बसलात. माझं उत्तर तेव्हा राहून गेलं, ते आज देते आहे.

फोनच करणार होते, पण बाबा म्हणाले, "अक्काला फोन करू नकोस. निवृत्त झाली, तरी तिला अजून सगळं कागदावर लागतं." शिवाय मांजरीहून बस बदलत बदलत धायरीला यायचं आणि तुम्ही दारातच "कळवून का आली नाहीस?" म्हणायचं, त्यापेक्षा हे बरं.

तर उत्तर असं. बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेले, ते जमलं नाही. मग पत्रकारिता केली. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि इंग्लंडमध्ये एमए झालं. तिथे एक विषय होता, चाहते आणि त्यांचे संग्रह. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. वर्गातला एक जण फुटबॉलच्या सामन्यांची जुनी तिकिटं जमवणाऱ्यांवर लिहीत होता, एक जण बाहुल्या जमवणाऱ्यांवर. पण शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, चाहत्याला वेडा म्हणून सोडून देऊ नका. शहाणी माणसं जे फेकून देतात ते तो जपतो, आणि पुढे कधीतरी तेवढंच उरलेलं असतं. ते ऐकताना मला आपली येरवड्याची वस्ती आठवायची. एप्रिल महिन्यात रोज कुठे ना कुठे गायन पार्टी, आणि आमच्या शेजारचे काका टेपरेकॉर्डर छातीशी धरून स्टेजला चिकटलेले.

परत आल्यावर पीएचडीला मी हाच विषय घेतला. पुण्यातले आणि आसपासचे भीमगीतांचे चाहते, आणि त्यांनी जपून ठेवलेल्या कॅसेट्स, हँडबिलं, फोटो. गायकांवर आणि कवींवर थोडंफार लिहिलं गेलं आहे. ऐकणाऱ्यांना कुणी काही विचारलेलं नाही, आणि ऐकणाऱ्या बायकांना तर नाहीच. मलाही आतापर्यंत भेटले ते सगळे पुरुषच. परवा जेवताना बाबा सहज बोलून गेले, की तुमच्याकडे सुंदराबाई दौंडकर आणि पार्टीच्या भीमगीतांच्या कॅसेट्सनी भरलेलं कपाट आहे. हे खरं आहे का? असेल तर मला ते बघायला मिळेल का?

आपली,
दीक्षा


धायरी,
१७ ऑगस्ट २०२४

चि. दीक्षा हिस, जयभीम.

संदर्भ : तुझं ६ ऑगस्टचं पत्र.
विषय : माझं कपाट.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. टीव्ही बघून असं अक्षर येत असेल तर मी उगाच नावं ठेवली.

कपाट आहे. त्यात कॅसेटीही आहेत. दौंडकरबाईंच्या सगळ्या आहेत. माझ्याकडे नसलेली एखादी कुणी दाखवली तर ती निघालीच नव्हती असं समज. बापूला हे कुणी सांगितलं ते मी शोधून काढेन.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मला चाहती वगैरे म्हणायचं नाही. मी निवृत्त राजपत्रित अधिकारी आहे. चाहते शिट्ट्या मारतात. मला बाईंचं गाणं आवडतं, एवढंच. त्यासाठी मी एकदा बारामतीला आणि दोनदा सोलापूरला गेले होते, पण ते ऑफिसच्या कामाला गेले असं समजायला हरकत नाही. ऑफिसनेही तसंच समजलं होतं.

रविवारी ये. लवकर आलीस तर पोहे मिळतील, उशिरा आलीस तर नुसत्या कॅसेटी. हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. तुझा तो रेकॉर्डर चालेल. पण मी बोलत असताना मान हलवून "इंटरेस्टिंग" म्हणायचं नाही. मागे बँकेतून एक मुलगी विमा विकायला आली होती, ती माझ्या गुडघेदुखीलाही इंटरेस्टिंग म्हणाली.

शालूआत्या


मांजरी बुद्रुक,
८ डिसेंबर २०२४

ती. आत्या, जयभीम.

हे पाकीट मी रविवारी हातातही देऊ शकले असते. पण तुम्ही समोर बसून वाचणार आणि मी तुमच्या भुवया बघत बसणार, एवढं धाडस माझ्यात नाही. म्हणून पोस्टाने पाठवते आहे.

सोबत प्रबंधाचं तिसरं प्रकरण आहे. ते जवळजवळ सगळं तुमच्यावर आहे. पहिल्या रविवारी तुम्ही कपाट उघडलंत तेव्हा मी मनातून खट्टू झाले होते, हे आता सांगते. सगळ्या डब्यांवर नाट्यगीतं! मला वाटलं, बाबांनी काहीतरी भलतंच ऐकलं. मग तुम्ही एक डबी उघडलीत, कॅसेट टेपमध्ये घातलीत, आणि सुंदराबाईंचा तो भरदार आवाज खोलीत आला. तुम्ही म्हणालात, "ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. एका माणसालाही नाही," आणि हसलात. ते हसणं मी रेकॉर्डरवर कितीदा ऐकलं असेल. दुसऱ्या कुणाच्या डबीत आपलं गाणं लपवून ठेवणारा चाहता माझ्या वाचनात तरी कुठेच आलेला नाही.

माझ्या गाइड पद्मजा मॅडम सहसा कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, हे प्रकरण प्रबंधाचा कणा आहे. हे राहिलं तर बाकीचं उभं राहील.

वाचून कळवा. चुका असतील तर लाल शाईने खुणा करा.

आपली,
दीक्षा


धायरी,
३ जानेवारी २०२५

कु. दीक्षा ओव्हाळ यांस,

प्रकरण वाचलं. दोनदा वाचलं. भाषा सोपी आहे, माहिती बरोबर आहे. एकच शंका आहे. ही ‘प्रतिसादक ग’ कोण?

ही बाई साठीच्या पुढची आहे, पुण्याच्या ‘एका उपनगरात’ राहते आणि ‘एका सरकारी खात्यात’ नोकरीला होती म्हणे. तिच्याकडे सुंदराबाईंच्या सगळ्या कॅसेटी आहेत. बारामतीला माझ्याऐवजी तीच गेली होती. मी केलेले पोहेसुद्धा तिच्या नावावर गेलेत. बाई चांगली दिसते. मला तिला भेटायला आवडलं असतं.

माझं कपाट मी परक्या बाईच्या नावावर करून देणार नाही. माझ्या मुलाखती, माझ्या कॅसेटींचे फोटो, माझं बोलणं, सगळं या प्रकरणातून काढून टाकावं. ‘ग’ला सांग, तुझं तू जमव.

रविवारी येण्याची आवश्यकता नाही.

शालिनी केशव ओव्हाळ
राजपत्रित अधिकारी (निवृत्त)


मांजरी बुद्रुक,
७ जानेवारी २०२५

ती. आत्या, जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी आईजवळ बसून रडले. आई म्हणाली, आधी पत्र लिही, मग रड.

हा आमच्या संशोधनातला नियम आहे. ज्यांच्या मुलाखती घेतो त्यांची खरी नावं द्यायची नाहीत. बोलणाऱ्या माणसाला पुढे त्रास होऊ नये म्हणून विद्यापीठाची एक समिती असते, आणि या अटीवरच तिने मला परवानगी दिली. म्हणून माझ्याकडे ‘अ’ आहेत, ‘ब’ आहेत, लोणी काळभोरचे ‘क’ आहेत. तुम्ही ‘ग’ झालात.

पण नुसतं नियमाच्या मागे लपणं बरं नाही. नियम नसता तरी मी कदाचित हेच केलं असतं. तुम्ही सांगितलंत ना, ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. मी समजले, अजूनही कुणाला कळू नये असंच तुम्हाला वाटतं. तुमचं गुपित मी सांभाळते आहे, असं मला वाटत होतं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

मी चुकीचं समजले का? तसं असेल तर नीट सांगा. रागावून सांगितलंत तरी चालेल. नुसतं ‘येण्याची आवश्यकता नाही’ असं म्हणू नका.

आपली,
दीक्षा


धायरी,
१९ जानेवारी २०२५

चि. दीक्षा, जयभीम.

नीट सांगते. एकदाच सांगेन.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या मजल्यावर अधिकारी बाया दोनच होत्या. माझं आडनाव वाचलं की लोक पुढचं सगळं ठरवून मोकळे व्हायचे. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. पुण्यात तोंडावर बोलत नाहीत, चहा वेगळ्या वेळी घेतात. मी जेवणाच्या सुट्टीत वॉकमन लावून बसायचे. कानात काय चाललंय हे कळलं असतं, तर त्यांना बोलायला आणखी एक विषय मिळाला असता. तो मला द्यायचा नव्हता.

शेजारच्या टेबलावर नीरजा जोग होती. ती चहा वेगळा घेणाऱ्यांतली नव्हती. निवृत्त होईपर्यंत आम्ही रोज डबा वाटून खाल्ला. माझ्या आईच्या आजारपणात रात्री दवाखान्यात बसली ती नीरजा. तिने एकदा विचारलं, काय ऐकतेस गं एवढं? माझ्या तोंडून निघून गेलं, नाट्यगीतं. ती इतकी खूश झाली! तेव्हापासून दर वाढदिवसाला मला नाट्यगीतांची एक कॅसेट देत राहिली. तू ज्या डब्यांवर चार पानं लिहिली आहेस, त्या सगळ्या नीरजाने दिलेल्या आहेत.

एकदा खोटं बोललं की दर वाढदिवसाला ते पुन्हा बोलावं लागतं. इतरांचं मला काही वाटलं नाही. तिच्यापुढे वाटायचं.

लपवलं ते मी, माझ्या मर्जीने. आणि आता कपाट उघडलं तेही मीच. तुझ्या रेकॉर्डरसमोर इतके रविवार का बोलले असेन? मला वाटलं, हे माझ्या नावाने छापून येईल, आणि मग मी ते नीरजाच्या हातात ठेवेन, म्हणेन, वाच. समोर बसून सांगायला मला जमत नाही, म्हणून. आता तिला काय देऊ? ‘ग’ वाच म्हणू?

आपल्या माणसांची नावं चांगल्या कागदावर यायला किती पिढ्या गेल्या, हे बापूच्या मुलीला मी सांगायला नको. मला आधी फार वाईट वाटलं. राग त्यानंतर आला.

शालूआत्या


मांजरी बुद्रुक,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या, जयभीम.

तुमचं पत्र मी पद्मजा मॅडमना दाखवलं नाही, पण त्यातला मुद्दा सांगितला. त्या म्हणाल्या, बाईंचं म्हणणं बरोबर आहे, पण समितीने परवानगी दिली आहे ती नावं बदलण्याच्या अटीवर. अट बदलायची तर नव्याने अर्ज करावा लागेल, आणि समितीची बैठक आता एप्रिलमध्ये आहे.

मी अर्ज करते आहे. तुमचं नाव प्रकरणात येईल. नीरजाबाईंना तुम्ही तेच द्या.

थोडं लांबेल, बाकी काही नाही.

आपली,
दीक्षा


धायरी,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा,

‘थोडं लांबेल, बाकी काही नाही.’ नोकरीत असताना असलं वाक्य दिसलं की मी पूर्ण फाइल मागवून घ्यायचे.

काल बापूचा फोन आला. म्हणाला, लोणी काळभोरच्या कॉलेजात तुझी जागा जवळजवळ ठरली आहे, पण मार्चअखेर प्रबंध सादर केल्याचा दाखला लागतो. एप्रिलच्या बैठकीची वाट बघितलीस तर ती जागा गेली. हे तू मला लिहिलं नाहीस. कशाला लिहिशील? आत्या म्हातारी झाली, तिला कशाला त्रास!

ऐक. ‘ग’ राहू दे. मी लिहून दिलेलं सगळं मागे घेते. प्रकरण आहे तसं दे आणि नोकरीला लाग. कायम नोकरी म्हणजे काय, हे माझ्या पिढीला विचार. नीरजाला मी तोंडी सांगेन.

खरं सांगायचं तर परवा प्रयत्न केला होता. तिला मुद्दाम फोन लावला. आधी तिचे गुडघे झाले, मग माझे झाले, मग तिने विचारलं, "बरं, कशासाठी केला होतास फोन?" मी म्हटलं, सहज. पण पुढच्या वेळी सांगेन.

तू माझ्यापायी जागा घालवू नकोस. मला ते सहन होणार नाही.

शालूआत्या


मांजरी बुद्रुक,
२० फेब्रुवारी २०२५

ती. आत्या, जयभीम.

तुम्ही पुढच्या वेळीही सहजच म्हणणार आहात. मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही.

नोकरीचं तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही हेच पत्र लिहिलं असतं. पण आता गोष्ट तुमच्यापुरती राहिलेली नाही. गेल्या आठवड्यात लोणी काळभोरला पोपटकाकांकडे गेले होते. म्हणजे माझे ‘क’. उसाच्या गाडीवर टेप बांधून कार्यक्रमाला जायचे ते. त्यांना विचारलं, काका, पुस्तकात तुमचं खरं नाव घातलं तर चालेल का? ते म्हणाले, "मंजी, आत्तापत्तूर घातलंच न्हाई व्हय? अगं, मी आख्ख्या गावाला सांगून बसलोय! नाव घाल, गावाचं घाल. फोटू बी हाय माझ्याकडं, सफारीतला." मग काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐकलं का, हिनं मला ‘क’ केलंय."

त्यानंतर मी सगळ्यांना विचारत गेले. कात्रजच्या एका काकांनी नको सांगितलं, त्यांचं नाव मी देणार नाही. बाकी प्रत्येकाला आपलं नाव हवं आहे. चाहत्यांना कुणी काही विचारत नाही, अशी तक्रार करत मी हे काम सुरू केलं, आणि तुम्हाला नाव हवं आहे का, हे मीच विचारलं नव्हतं. हा प्रबंध असाच दिला तर त्यावर माझं नाव तरी कोणत्या तोंडाने घालू? जागा पुन्हा निघेल. मी वाट बघते.

मला अडचण वेगळीच आहे. अर्ज जमत नाही. मसुदा सोबत आहे, पद्मजा मॅडम म्हणतात तो भाषणासारखा झाला आहे. तुम्ही आयुष्यभर लोकांचे अर्ज फेटाळलेत. फेटाळता येणार नाही असा अर्ज कसा लिहितात, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?

आपली,
दीक्षा


धायरी,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा,

नोकरीबद्दलचं तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. पण ओव्हाळांच्या घरात कुणी कुणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही.

तुझा मसुदा वाचला. त्यात ‘अस्मिता’ हा शब्द दर परिच्छेदात आहे. समित्या अस्मितेला घाबरतात, आणि घाबरल्या की विषय पुढच्या बैठकीवर ढकलतात. ते सगळं मी काढलं. नवा अर्ज एका पानाचा आहे. त्यात इतकंच म्हटलंय, की हा नियम आमच्या संरक्षणासाठी केलेला आहे. ते संरक्षण आम्हाला नको, अशी आमची सह्यांनिशी मागणी आहे. ज्यांना ते हवं आहे त्यांना ते मिळत राहील. आणि मागणी नाकारायची असेल तर त्याचं कारण लेखी कळवावं. शेवटचं वाक्य काढू देऊ नकोस. लेखी कारण द्यायचा कंटाळा फार मोठमोठ्या माणसांना असतो.

पहिली सही मी केली आहे. पूर्ण नाव, वळणदार. खाली पोपटरावांना जागा सोडली आहे. त्यांना म्हणावं सफारीतला फोटो जोडायची गरज नाही.

तुझ्या आग्रहाबद्दल मी रागावले आहे असं बापूला सांगितलं आहे. तुला म्हणून सांगते, तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं.

रविवारी ये.

शालूआत्या


मांजरी बुद्रुक,
९ मे २०२५

ती. आत्या, जयभीम.

काल समितीचं पत्र आलं. मंजूर! ज्यांनी लेखी मागणी केली आहे त्यांची नावं द्यायला हरकत नाही, इतकंच एका ओळीत लिहिलं आहे. कारण वगैरे काही नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

लोणीची जागा गेली, ती माझ्याच वर्गातल्या एका मुलाला मिळाली. दोन दिवस वाईट वाटलं. पण तिथल्या प्राचार्यांनी बोलावून विचारलं, जूनपासून तासिका तत्त्वावर शिकवाल का? हो म्हटलं. पैसे बेताचेच आहेत, पण पहिलाच विषय त्यांनी दिलाय तो ‘माध्यमं आणि प्रेक्षक’. प्रबंध या महिन्यात सादर होतो आहे. पुढची जाहिरात निघेल तेव्हा माझ्या हातात दाखला असेल.

तिसरं प्रकरण सोबत पाठवते आहे, चांगल्या कागदावर छापून, बांधून. दोन प्रती आहेत. सुरुवात अशी आहे : ‘शालिनी केशव ओव्हाळ, निवृत्त राजपत्रित अधिकारी, धायरी, या सुंदराबाई दौंडकर यांच्या चाहत्या आहेत.’ चाहत्या हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. खोडायचा असेल तर आत्ताच सांगा.

दुसरी प्रत कुणासाठी आहे हे मी लिहीत नाही.

आपली,
दीक्षा


धायरी,
३ जून २०२५

चि. दीक्षा, जयभीम.

चाहत्या राहू दे.

परवा नीरजा आली होती. मीच बोलावलं. प्रत तिच्या हातात दिली आणि चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेले. चहा होऊन गेला तरी बाहेर यायचा मला धीर होईना. ओटा दोनदा पुसला. शेवटी तिनेच हाक मारली.

मी बाहेर आले तर तिने चष्मा काढून ठेवला होता. म्हणाली, "इतकी वर्षं मी दुकानात उभी राहून तुझ्यासाठी निवडून निवडून कॅसेट घ्यायचे. तू त्या ऐकल्यास तरी का?" मी म्हटलं, एकही नाही. मग तिला राग आला. नीरजाला रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "मला इतकी परकी समजलीस, शालू? त्या बाकीच्यांतली समजलीस?" मी म्हटलं, "तुला परकी समजले असते तर तुला काय वाटेल याची भीती कशाला वाटली असती? सगळ्या ऑफिसात मला गमवायची नव्हती अशी तू एकटीच होतीस." दीक्षा, हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. मी रडले. तीही रडली. चहा वाया गेला.

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "लाव."

मी बाईंची सगळ्यात चांगली कॅसेट लावली, दापोडीच्या मैदानातली. पूर्ण बाजू तिने न बोलता ऐकली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. टेप थांबल्यावर म्हणाली, "आवाज मोठा आहे. शब्द तर फारच छान. पण वरच्या पट्टीत तुझ्या बाई जरा घसरतात."

घसरतात! मी म्हटलं, "उघड्या मैदानात, फाटक्या कर्ण्यावर, सलग तीन तास गाऊन दाखवायला सांग तुझ्या नाट्यगीतवाल्यांना, मग घसरण्याचं बोल." ती म्हणाली, "सूर म्हणजे सूर, मैदान असो की थिएटर." मी म्हटलं, "तुझा कानच एसीत वाढलेला आहे." त्यावर ती म्हणाली, "दुसरी कॅसेट लाव, त्यातही घसरलेलं दाखवते." मी लावली. तिने दाखवलं. मी मान्य केलं नाही. आमचा आवाज इतका चढला, की शेजारची नम्रता बेल वाजवून विचारून गेली, काकू, सगळं ठीक आहे ना?

सगळं ठीक होतं. इतकं ठीक मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. सुंदराबाईंना मी जन्मभर कानात वायर घालून एकटीने ऐकलं. त्यांच्या बाजूने कुणाशी मोठ्याने भांडता येतं, आणि भांडताना एवढा आनंद होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तुझ्या प्रबंधात हे कुठेही लिहिलेलं नाही. लिहून घे.

नीरजा येत्या रविवारी पुन्हा येणार आहे. तिचं म्हणणं, भांडण अर्धवट राहिलं आहे. तेव्हा त्या रविवारी तू येऊ नकोस. मध्ये कुणी "इंटरेस्टिंग" म्हणणारं आम्हाला नको आहे.

शालूआत्या